खोकल्यावरचं राज्य

आमचे नानाकाका रोज दुपारी जेवण झालं की आपल्या सख्ख्या थोरल्या भावाला मारत असत.

घाबरू नका. नानांच्या हातून कधी डासही मेला नाही. डास मनगटावर बसला तर 'ऊठ बाबा, पोट भरलं तुझं' असं ते त्याला समजावून सांगत. भावाला मारायचं ते सुपात. मागच्या पडवीत खिडकीखाली ते मांडीवर रिकामं सूप घेऊन बसत, कनवटीची पुरचुंडी सोडत आणि तिच्यातल्या चार वस्तू मांडत. पितळेची चुन्याची डबी म्हणजे दादा, आमच्या घराचे, गावाचे आणि गावाच्या खारबांधाचे सर्वाधिकारी. खाडीतला काळा धोंडा म्हणजे थोरला पुतण्या गोविंदा. गुळाचा खडा म्हणजे मधला परशा. आणि सोड्याच्या बाटलीतली काचेची गोटी म्हणजे मी. "आवाज करते, आतबाहेर व्हते, कामाची न्हाय," अशी माझी ओळख ते करून देत. मी मुंबईला एका वखारीत कारकून होतो, रेवसच्या बोटीने सणावारी आतबाहेर करायचो आणि गावी आलो की फार बोलायचो. त्यामुळे गोटीबद्दल माझी तक्रार नव्हती.

मांडामांड झाली की नाना डबी पालथी घालत आणि भालदाराच्या आवाजात सांगत, "दादा गेले." मग आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवून विचारत, "मंग बसला कोन?"

रोज नवा राजा बसे. एके दिवशी गोविंदा बसे, आणि तीन बैल सोडले तर त्याचं कोणी ऐकत नाही म्हणून उठे. परशा बसे, पण तो सगळ्यांनाच हो म्हणणारा, तेव्हा एकच शेत दोघांना देऊन मोकळा होई आणि डोकी फुटत. मी साऱ्या जन्मात एकदाच बसलो. त्या दिवशी परशाला मुंग्यांनी सुपाबाहेर नेलं होतं आणि धोंडा नानांना सापडत नव्हता.

"आणि तुम्ही कुठं आहात यात?" मी एकदा विचारलं.

नाना म्हणाले, "मी सूप धरलंय न्हवं?"

या खेळाला कारण मीच. एकदा मुंबईहून येताना मी हिंगाची पुडी आणली. पुडीचा कागद वर्तमानपत्राचा. त्यावर कुठल्याशा बर्फाच्या देशातला मोठा जबरदस्त पुढारी वारल्याची बातमी होती. सगळा देश ज्याच्या धाकाने चालायचा तो गेला, आता त्याच्या जागी कोण येणार अशी चर्चा होती, आणि नेमकी तिथे पुडी संपत होती. पुढचा भाग दुकानदाराने दुसऱ्या कोणाला तरी जिऱ्याबरोबर दिला असणार.

नानांनी तो कागद इतक्या वेळा वाचला की हिंगाचा वास कागदातून नानांना लागला. त्या पुढाऱ्याला भाऊ किती, पुतणे किती, बांधाची कामं कोण बघतो, हे सगळं त्यांनी मला विचारलं. त्या देशात खारबांध नसावेत असं मी म्हणालो तर म्हणाले, बांध नसलेला मुलूख असतो होय कुठं. मी परत निघालो तेव्हा ते चिखलातून बोटीपर्यंत आले आणि कानाशी म्हणाले, "गादीकडं बघून काय कळत न्हाय, रघ्या. त्याची पायतानं कोन सुलटी लावायचा, तेवढं इचारून ये."

मी अर्थातच विसरलो. दोन-तीन वर्षांनी वाचनालयात सहज नजरेला आलं की तिथे बसला तो भलताच होता. मोठमोठी भाषणं करणारे राहिले बाजूला, आणि कचेरीतले कागद नीट लावून ठेवणारा, ज्याला कोणी मोजलं नव्हतं, तो बसला. मी गावी येऊन सांगितलं. नाना हसलेसुद्धा नाहीत. "पायतानंवाला," एवढंच म्हणाले, आणि भावाच्या वहाणा अंगणाकडे तोंड करून लावायला गेले. ते त्यांचं घरातलं काम. दादांना आंघोळीचं पाणी काढणं, चुना मळणं आणि वहाणा लावणं. नाना विधुर होते, मूलबाळ नव्हतं, आणि ते काही निराळं काम करू शकतील असं गावात कोणाला वाटत नव्हतं.

आता दादांचं सांगतो, म्हणजे नानांचं धाडस ध्यानात येईल.

आमचं गाव खाडीला पाठ लावून बसलेलं. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये एक मातीचा बांध. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पुनवेला नि अवसेला, खाडीचं पाणी चढतं. चिंबोऱ्या बांधाला आरपार बिळं पाडतात, बिळातून पाणी वाट काढतं, आणि एकदा खांड पडून खारं पाणी शेतात पसरलं की दोन-तीन वर्षं तिथे भाताची काडी उगवत नाही. दादांच्या राज्यात शेत एकदाही खारं झालं नाही. म्हणून त्यांच्याविरुद्ध कोणी बोलत नसे. तशी बोलायची सोयही नव्हती.

दादा स्वतःही बोलत नसत. ते खोकत. पहाटे एक आखूड खोकला आला म्हणजे गावाने उठायचं. दोन आखूड आले म्हणजे बायकांनी विहिरीवरच्या गप्पा आवरायच्या. आणि खर्जात सुरू होऊन ओढत ओढत वर गेलेला लांब खोकला आला, की तो बांधाचा. हातातलं टाकून टोपली उचलायची आणि धावायचं. माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना तो खोकला आला. अंतरपाट दूर झाला तेव्हा पलीकडे नवरी होती आणि अलीकडे नुसता पाट.

दादांच्या खोकल्याआधी आरवणारा कोंबडा त्याच दिवशी कालवणात जाई. त्यामुळे आमच्या गावात कोंबड्या पुष्कळ, कोंबडे जेमतेम, आणि जे होते ते उन्हं येईपर्यंत जमिनीकडे बघत उभे. बांधावर हसायला बंदी होती; हसण्याने माती सैल होते असं दादांचं मत. एक सरकारी ओव्हरसियर या मतावर बांधावर उभा राहून हसला, आणि पुढच्याच उधाणात तो उभा होता तिथे खांड पडली. तेव्हापासून ते मत राहिलं नाही, शास्त्र झालं.

अशा माणसाला नाना रोज मारत होते, आणि तेही त्याच्याच खोलीच्या खिडकीखाली. आत दादांची बाज. आम्ही नानांना ओढून गोठ्याकडे न्यायला बघायचो. ते हलत नसत. "इथंच वारा लागतो," म्हणत आणि आवाज चढवत. आतून कधी काही आलं नाही. दादांचा खिडकीकडचा कान गेला असावा, असा आम्ही निष्कर्ष काढला.

शेवटच्या वर्षी दादा खोलीबाहेर येईनासे झाले. आत फक्त त्यांची बायको, आमची मोठीआय, आणि नाना जात. दादांना मूल नव्हतं, तेव्हा पुढे पागोटं कोणाच्या डोक्यावर, ही चर्चा नानांच्या सुपातून उडून घराघरांत गेली. राज्यकारभार मात्र चोख होता. पहाटे खोकला यायचा, उधाणात लांब खोकला यायचा. उलट खोकल्याला हल्ली धार आलीय, असं जाणकारांचं मत पडलं. म्हातारा आणखी वीस वर्षं ऐकायचा नाही, असं म्हणून ते उसासे टाकत.

तरी शहाण्या माणसाने तयारी ठेवावी. गावाने दुसऱ्या कुठल्या हुकमाला पाय उचलला नसता. जो खोकेल तो राज्य करील, हे उघड होतं. गोविंदा पेंढ्याच्या उडवीमागे खोकू लागला. परशा विहिरीत तोंड घालून खोके, म्हणजे घुमतो कसा ते कळावं. मी मुंबईला खोलीवर, कामावरून आल्यावर, खिडकी लावून खोकायचो. पंधरवड्यात चाळीतल्या बायांनी माझा हंडा नळावरून बाजूला ठेवायला सुरुवात केली. मग खोलीमालक नाकाला उपरणं लावून आला आणि क्षयाच्या माणसाला खोली देता येत नाही म्हणाला. मी त्याला खरं कारण सांगितलं. त्यावर तर त्याने सामान त्याच दिवशी बाहेर काढलं. नोकरीवर रजा टाकून मी भाद्रपदात गावी आलो, ते बायकोला 'हवापालट' असं सांगून.

आणि एके दिवशी पहाटे खोकला आला नाही.

मी जागा होतो. बायको जागी होती. कौलांतून उजेड आला, मग ऊन आलं. बाहेर बैल हंबरत होते. गाव झोपलेलं नव्हतं, पण उठलेलंही नव्हतं.

"उठू का?" बायकोने कुजबुजून विचारलं.

"झाला का?"

"न्हाय."

"मग पड."

"पोराला परसाकडं जायचं हाय."

"त्याला म्हणावं दम धर. सगळ्यांनाच जायचंय."

असं सारं गाव आपापल्या घोंगडीत दम धरून पडलं होतं. उन्हं अंगणात उतरली तेव्हा मोठीआय ओटीवर आली. ती ओरडली नाही. पण इतकी शांतता होती की शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेलं.

"उठा आता," ती म्हणाली. "खोकला यायचा न्हाय."

दादा उजाडण्याआधीच गेले होते. गाव रडलं. कोणी खरं रडलं, कोणी मागचं आठवून, आणि कोणी पुढचं बघून. अवसेचं उधाण बारा दिवसांवर होतं, भात पोटरीत आलेलं, आणि बांधाला खोकणारं कोणी नव्हतं.

सगळ्यांनी नानांना गाठलं. इतकी वर्षं खोटं मारलंत, आता खरंच गेले, आता मांडा की सूप. सांगा बसला कोण. माणसं आर्जवं करत होती, कोणी तंबाखू आणून देत होतं. नानांनी सूप खुंटीला टांगलं ते टांगलंच. विचारलं की ते समोरच्याचा चेहरा असा बघत, की आपण त्यांना परक्या भाषेत विचारलं असावं. दादांच्या वहाणा तेवढ्या रोज अंगणाकडे तोंड करून लावत. लोक म्हणाले, नानांचं डोकं पहिलंच अर्धं होतं, आता तेही गेलं. पागोट्यासाठी त्यांचं नाव कोणी घेतलं नाही. धान्य मोजताना सूप कोण मोजतो?

तेरावा नेमका अवसेच्या दिवशी आला. अंगणात गाव जमलं. ताटात पागोटं ठेवलं. आणि गावच्या वडीलधाऱ्यांनी असा निवाडा दिला की भांडण नको, तिघांनी खोकून दाखवावं. गाव ज्याला उठेल त्याचं पागोटं.

गोविंदा छाती काढून उभा राहिला आणि खोकला. गोठ्यातले बैल ताडकन उठले. माणसं बसून राहिली.

परशा खोकला. तो इतका मऊ आला की पाचसहा जणांनी त्याला पाणी विचारलं.

मग मी. चाळीतून हाकलून दिलेला, अनुभवी. मी खर्जात धरला, वर नेला, आणि अर्ध्या वाटेत मला खरोखरचा खोकला लागला. डोळ्यांत पाणी आलं. बायको घरातून काढा घेऊन धावली, आणि मागून एक म्हातारा हळहळला, "मुंबईची हवा वंगाळ."

तेवढ्यात बांधाकडून कोणी तरी ओरडत आलं. उघडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, पलीकडे खांड पडली होती. भर दुपारची भरती चढत होती आणि खारं पाणी भातात शिरत होतं.

आता जे झालं ते सांगताना मला अजून लाज वाटते, पण मीही त्यातलाच. कोणी हललं नाही. टोपल्या समोर होत्या. सगळ्यांना ठाऊक होतं काय करायचं ते. गोविंदा "चला" म्हणाला, परशाने हात जोडले. माणसं अर्धी उठून एकमेकांकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत त्यांचे पाय शब्दांवर उचललेच नव्हते. बांधापासून अंगणापर्यंत पाण्याचा खळखळ आवाज येत होता आणि सगळं गाव कान देऊन दुसऱ्याच आवाजाची वाट बघत होतं.

आणि तो आला.

खर्जातून, ओढत ओढत, वर. दादांच्या खोलीतून.

अंगण क्षणात रिकामं झालं. माणसं ताटं ओलांडून धावली, भटजी धोतराचा सोगा धरून धावले. अर्ध्या वाटेवर काही जणांच्या लक्षात आलं की आज दादांचा तेरावा आहे. ते जास्तच जोरात धावले. मी बांधावर पोचलो, निसरड्यावर पाय टाकला आणि थेट खांडीत बसलो. थोडा वेळ माझाही बुजवायला उपयोग झाला. मग गोविंदाने मला बखोटीला धरून काढलं आणि पेंढा आणायला घरी पिटाळलं.

म्हणून ते मला दिसलं.

खोलीचं दार उघडं होतं. आत दादांची बाज, गादी गुंडाळून ठेवलेली, नुसती सुंभाची. नाना उशाशी जमिनीवर बसले होते. दम लागलेला, मानेच्या शिरा फुगलेल्या. ते रिकाम्या उशाकडे वाकून हळूच विचारत होते, "दादा, कसा झाला?"

आणि कान देऊन थांबले होते.

मी मागे सरलो तो मोठीआयवर आपटलो. तिने मला हाताला धरून चुलीपाशी नेलं. माझ्या अंगावरून चिखल गळत होता.

"वरीस झालं," ती म्हणाली. "तुझ्या दादांचा आवाज गेला. पहाटंला तोंड उघडायचं, निसती हवा. रडाय लागले. भाऊजी म्हनले, रडू नको, मी हाय. उशाशी बसून खोकले. तर यांनी बोटानं दावलं, जरा वर. मंग रोज दावायचे. जरा वर, जरा ओढून."

 मी विचारलं, "आणि ते सूप? दादांना ऐकू जायचं?"

"खिडकीखाली उगाच बसत व्हते व्हय भाऊजी? आज कोन बसला ते ऐकल्याबिगर यांना दुपारची झोप यायची न्हाय. पहिल्यापास्नं. सगळं गाव यांना भ्यायचं. यांच्याशी गंमत करनारा एकच मानूस."

"दादा हसायचे?"

"आवाज न्हाय यायचा. पोट हलायचं." मग पदराने नाक पुसत म्हणाली, "तुझी गोटी बसली ना, त्या दिशी ठसकाच लागला."

मी पेंढा घेऊन गेलो. खांड बुजली, भात वाचलं. कोणी हसलं नाही. परत आल्यावर मोठीआयने गावाला दोन वाक्यांत सांगितलं, आणि पागोट्याचा वाद उरला नाही. गोविंदानेच ताट उचललं. नाना भिंतीला टेकून मागे मागे सरकत होते.

"मला नगं," ते म्हणाले. "मंग सूप कोन धरल?"

 तरी पागोटं बांधलं. दादांचं डोकं मोठं, त्यामुळे ते नानांच्या भुवयांपर्यंत आलं, आणि खालून ते आमच्याकडे असे बघत होते की कोणी तरी आता डबी सुलटी करील.

त्याला आता पुष्कळ दिवस झाले. माझ्याही कानांजवळ पांढरं दिसू लागलंय. नानांचं राज्य चांगलं चाललं आहे. त्यांनी एकच नवा हुकूम काढला, कोंबड्यांना माफी. पण त्यांना आरवायची सवय राहिलेली नाही, ते अजून खोकल्यासाठी थांबतात. बांधावर अजून हसत नाहीत. सूप खुंटीला आहे. दुपारी नाना खिडकीखाली बसतात, पण हात रिकामे असतात. मी एकदा पुरचुंडी पुढे केली आणि म्हटलं, नाना, मांडा, मी ऐकतो. त्यांनी गोटी काढून माझ्या हातात दिली आणि पुरचुंडी बांधून टाकली.

गावी गेलो की मी मागच्या पडवीत झोपतो, त्या खिडकीखाली. पहाटे खोकला येतो, आखूड, नेटका. गाव उठतं आणि कामाला लागतं. पुढचं त्यांना ऐकू जात नाही. मी पडून राहतो.

आधी आतून नानांचा आवाज येतो, "कसा झाला?"

मग माणसाला बोट उचलून दाखवायला लागेल, एवढा वेळ शांतता.

मग नाना म्हणतात, "बरं. उद्या जरा ओढून घेतो."